तुह्या हातची वेसण

वनीची माय,

जावई म्हणे, "बाबा, पेपरात आईचा फोटो देऊ. खाली दोन ओळी." कधी जन्मली, कधी गेली, मागे कोण कोण राह्यलं. मी म्हटलं, दे बाप्पा, तुले द्याचा असन तर दे. पण त्या दोन ओळीत तू कुठी आहे? आणि पेपर काय, दुसऱ्या दिवशी भज्याच्या पुडीले जाते. मले तुह्यासंग बोलाचं आहे, म्हणून बसलो लिहाले. चौथी शिकलो, माहं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं. पण तुले तसंबी वाचता येत नवतं, तर अक्षराची लाज कायची?

तुह्या हाताच्या पायी हे घर मी असं करून ठेवलं का आता मलेच यातून निंगता येत नाई. दाराच्या कडीले दोरीचा फासा. कपाटाले फासा. बादलीच्या कडीले चिंध्या गुंडाळून जाड केली, चमच्याच्या दांड्याले सुतळी. तुही मूठ वळे नाई, पण फाशात मनगट घालून तू सगळं घर ओढे. आता तू नाई. माहे हात धडधाकट आहेत, तरी मीबी मनगटच घालून राह्यलो. काल कडी बोटानं काढाले गेलो तर बोटं गोंधळली, जशी काही दुसऱ्याच्या घरात घुसली.

वनी म्हणे, "बाबा, आता काढून टाका ह्या दोऱ्या. आई गेली."

मी म्हटलं, "राहू दे."

तिले वाटलं बुडा तुह्या आठवणीसाठी ठेवून राह्यला. तिले काय माहीत, त्या दोऱ्या मी तिच्यासाठी ठेवून राह्यलो. आणि ते सांगाले तुनं माहं तोंड बांधून ठेवलं आहे.

आपलं भांडण अर्धंच राह्यलं, पाहाय. अर्ध्या भांडणात उठून गेली तू. हे काही बरं केलं नाई.

तुले आठवते का, लग्न होऊन आली तवा सिंदीच्या बजारात आपल्यासारखं दुसरं दुकान नवतं. घुंगरू, झुली, गोंडे, शिंगाच्या पितळी शेंब्या, कासरे. पण लोक यायचे वेसणीसाठी. जामकडून यायचे, वडनेरहून यायचे. "भाऊ, वहिनीच्या हातची द्या. दुसरी नोको." तू सुत असं वळे का वेसण कडकबी राहे आणि बैलाच्या नाकाले चरेबी नाई. दुसऱ्याच्या वेसणीनं बैलाचं नाक सडलेलं मी पाह्यलं आहे. तुह्या वेसणीनं कधी नाई. गल्ल्यावर मी बसो, पण दुकान तुह्या हातावर चाले.

आणि देवानं हातच धरले तुहे.

आधी सकाळी बोटं आखडे. ऊन चढलं का सुटे. मंग सुटाले दुपार होऊ लागली. मंग सांधे फुगले, मनगट फुगलं. माह्या मायनं म्हटलं, "दोरीचं काम आहे, दुखनच." वैद्याचा लेप झाला, गोळ्या झाल्या, निरगुडीचा पाला झाला. वर्षं गेली, लेकरू नाई, हात नाई. गावच्या बाया म्हणत, हिले शाप हाय. तू त्यायले म्हणे, "शापच हाय वं, तुमच्यासारख्या शेजारणीचा."

आणि मंग वनी पोटात राह्यली.

ते महिने मी कसे विसरू? दर हप्त्याले तुहं एक एक बोट सुटे. आधी आंगठा. मंग भाकर थापाले लागली. मंग एक दिवस दुकानात आलो तर तू सुताचा गुंडा घेऊन बसली, खुंटीले टोक बांधून, वळून राह्यली! मी उभाच. तू वर न पाह्यता म्हणे, "काय पाह्यता? गिऱ्हाईक पाहा." त्या वर्षीच्या पोळ्याले आपल्याकडे वेसणी एवढ्या झाल्या का टांगाले खिळे कमी पडले.

पण माह्या मायनं घोळ केला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे आपण तूप-हळदीनं शेकतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडते बिचाऱ्याले. पळसाचं पान बुडवून शेकतो आणि त्याच्या कानात सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तर त्या वर्षी वाटीत उरलेलं तूप मायनं तुह्या हाताले चोळलं. हात तर आधीच सुटत आले होते. पण गावभर झालं का बैलाच्या खांद्याच्या तुपानं सुनेचे हात सुटले!

तू बोंबलून सांगे, "तुपानं नाई वं माय, लेकरानं सुटले. पोटात राह्यलं तवापासून सुटून राह्यले."

माय म्हणे, "पोटातल्या लेकरानं कोणाचे हात सुटते? नंदीची कृपा म्हण, तोंड फाटकं नोको करू."

मंग काय, वनी झाली. आणि चार महिने व्हाच्या आत तुहे हात पह्यल्याहून वाईट मिटले. पोर रडे आणि तुले पाळण्याची दोरी धरता येत नवती. दोरी बोटातून निसटे, तू दातानं धराले पाहे. ते मले पाहवलं नाई. मी त्या दोरीले फासा बांधला आणि तुह्या मनगटात घातला. या घरातला तो पह्यला फासा. पाजाची झाली का पोरीले मी उचलून तुह्या मांडीवर ठेवो. दुकानात गिऱ्हाईक बोंबलत राहे, मी आत पोर धरून उभा. त्याच्यानंतर तुनं वेसण वळली नाई कधी. त्या पोळ्यातली एक उरली होती, ती मी विकली नाई. खिळ्यालेच राह्यली.

आणि ते तूप! दर पोळ्याले माय वाटी घेऊन ये आणि तुह्या हाताले चोळे. दर पोळ्याले काही होत नसे. पण लोकायचं काय, वडनेरचा एक बाप्या सासूले गाडीत घालून आला. सासूचे गुडघे धरले होते. म्हणे, "वहिनी, थोडं खांद्याचं तूप द्या." तू त्याले म्हणे, "मामा, हे तूप त्यायले पुरणपोळीवर वाढा. गुडघ्याले नाई तर नाई, जिभेले तरी सुख लागन." ती सासू अशी हासली का गाडीतून पडता पडता वाचली. मायनं मात्र आठ दिवस तुह्यासंग बोलणं टाकलं. तुले आरामच झाला.

तुले कोणी खरं मानलं नाई, हे तुले लागलं होतं. मले माहीत आहे. माय गेली तरी तू म्हणत राहे, "माहं शरीर मले समजत नाई का?"

वनीचं लग्न झालं, नागपुरात संसार लागला, आणि दोन वर्षांत तिचेबी हात धरले. तिनं फोनवर सांगतलं, एसटीडीच्या डब्यात तू उभी होती, मी बाहेर. काचेतून तुहं तोंड पाह्यलं आणि समजलो. घरी येऊन तू जेवली नाई. एवढंच म्हणे, "माह्या पोरीले मी हेच देलं."

मी म्हटलं, "रंगबी तुनंच देला, नाकबी तुनंच देलं. त्याचं काऊन बोलत नाई?" हासली नाई तू.

पण तिचे दिवस तुह्यासारखे नवते. मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर होते, चांगल्या गोळ्या होत्या, हात सांभाळून घेतले. लेकरू पाह्यजे म्हणून डॉक्टरनं एक गोळी बंद केली. मंग दिवस गेले. आणि मंग तिचेबी हात सुटाले लागले, पार पह्यल्यासारखे. हरकून आली सिंदीले, मूठ वळून दाखवे मले. "बाबा, पाहा! गेलं दुखणं! आता कायले जाऊ सांध्याच्या डॉक्टरकडे?" आणि जाणं बंदच केलं तिनं.

तू भिंतीले टेकून बसली होती. तुह्या डोळ्यात मी पाह्यलं, तुले समजलं होतं.

दुसऱ्याच हप्त्यात तुह्या तपासणीले मोठ्या दवाखान्यात गेलो आपण. तिथं एक तरणी डॉक्टरीण होती, पुण्याकडची, बोलणं पोथीसारखं पण माणूस मायाळू. तू बसल्याबरोबर इचारलं, "बाई, पोटुशी असली का हात काऊन सुटते? माहे सुटले होते. पोरीचे सुटले. कोणी मले खरं मानत नाई."

ती म्हणे, "काकू, तुमचं खरं आहे." बस, एवढंच. आणि तू पदराचा बोळा तोंडावर धरला. इतकी वर्षं त्या एका वाक्यासाठी थांबली होती तू.

मंग तिनं कागदावर काढून दाखवलं. म्हणे, आपल्या रक्तात रोगाशी लढणारे कण असतात, अँटिबॉडी. रोगाच्या जंतूंना धरतात. तुमच्या आजारात ते घरच्याच माणसांवर उलटतात, आपल्याच सांध्यांवर. प्रत्येक कणाच्या बुडाशी एक लहान फांदी असते, साखरेच्या दाण्यांची. खायची साखर नव्हे काकू, शरीर स्वतः बनवतं ती. त्या फांदीच्या टोकाचा दाणा जागेवर असला की कण शांत असतो. टोकाचा दाणा गळालेला असला की तो जास्त भडकतो, सूज वाढवतो. तुमच्यासारख्या रोग्यांच्या रक्तात असे गळालेले कण जास्त सापडतात. बाई गरोदर राहिली की ते दाणे परत दिसायला लागतात. बाळंत झाली की पुन्हा गळतात.

तू त्या चित्राकडे पाह्यलं. मंग म्हणे, "म्हंजे बैल तोच. नुसती वेसण निंगून जाते."

डॉक्टरीण हासली. "हो, तसंच काहीसं. पण एवढ्या एकाच कारणानं सगळं होतं असं नाही हं. आणखी बरीच कारणं आहेत, सगळी अजून आम्हालाही माहीत नाहीत. आणि सगळ्याच बायकांना गरोदरपणी आराम पडतो असंही नाही."

मी मधात बोललो. मले कुठी दम आहे? "मंग घाला ना वेसण डबल! दवाखाना एवढा मोठा बांधला, वेसण नाई का तुमच्यापाशी?"

ती रागावली नाई. म्हणे, "काका, तीच अजून कोणाला वळता येत नाही."

तुनं आपल्या वाकड्या बोटाकडे पाह्यलं.

निंगता निंगता ती म्हणे, मुलीला नक्की पाठवा. बाळंतपणाच्या आधीच भेटायला हवं. नंतर दुखणं उसळलं तर अंगावर पाजताना चालतील अशी औषधं ठरवून ठेवू, सांधे वाचवता येतील. उशीर केला तर वाकलेलं बोट परत सरळ होत नाही.

हे तुह्यासमोर सांगतलं तिनं. तरी परतीच्या पॅसेंजर गाडीत बसल्याबरोबर तुनं सुरू केलं.

"वनीले सांगाचं नाई."

"काऊन नाई?"

"माह्या जिंदगीत तेवढेच महिने असे गेले का मी उद्याचा इचार केला नाई. माहीत असतं तर रोज सकाळी उठून मूठ पाह्यली असती, आज गेली का उद्या जाईन. तिचे महिने मी खराब करू काय?"

"आणि मंग? पोर रडे आणि तू दोरी दातानं धरे, ते इसरली?"

"तुमी होते ना तवा."

"मी होतो! तिचा नवरा रातपाळीत राह्यते. तिच्या मांडीवर पोर कोण ठेवन? डॉक्टरीण काय बोलली, कान फुटले होते का तुहे?"

समोरची बाई आपल्याकडे पाहून राह्यली होती. तू पदराखालून दोन्ही हात काढले आणि माह्या हातावर ठेवले. गरम होते, सुजलेले. "मी सांगीन. बाळ झालं का मीच सांगीन. मायनं सांगाची गोष्ट हाय ती. तोवर तुमी बोलाल तर माही आन हाय तुमाले."

मी म्हटलं, "हे काही भांडण झालं नाई. आन घालून भांडण जिंकते काय?"

"घरी जाऊन भांडू," म्हणे. घरी येऊन तू झोपली. मंग तुही छाती भरली. मंग भांडाले सवडच देली नाई तुनं.

आता पाहाय काय झालं ते. सांगणारी गेली, आन माह्यापाशी राह्यली. जित्या माणसाची आन राह्यली असती तर तिच्यासंग भांडून सोडवून घेतली असती. मेल्या माणसासंग कसं भांडावं? तू फोटोतून पाह्यते आणि चूप राह्यते. बैलाच्या नाकात वेसण घालतानी तो कसा उभा राह्यते, डोळे फाडून, तसा मी उभा आहे. इकडे ओढलं तर पोरीचे हात, तिकडे ओढलं तर तुही आन. आणि वनी तर घरातच आहे. तेरवीले आली ती गेलीच नाई. पह्यलं बाळंतपण माहेरीच, म्हणे. माय नाई तर काय झालं, बाबा आहेत. दिवसभर हाताले काही ना काही काम. तुह्या पाटीतलं सुत काढून वळे, पिसं काढल्यासारखं भराभर. मी पाह्यलं का म्हणे, "आईसारखे झाले का नाई हात?" मी दुकानात निंगून जातो. दुकानात तरी कोण आहे? ट्रॅक्टर आले, बैल गेले. झुलीवर धूळ बसली आहे. तिथंबी बसून मी तेच घोकतो.

एकदा तर वाटलं, जावयाले सांगावं, तो सांगन. आन तर वनीले न सांगाची आहे, जावयाले नाई. मंग लाज वाटली. तुह्यासंग असली वकिली मी कधी केली नाई.

इथवर लिहून कागद ठेवून देला होता. काल पोळ्याचा आदला दिवस होता. औंदा आपल्या घरी सण नाई, दाराले तोरण नाई. पण आपला चांद्या बैल खुट्याले आहे, म्हातारा झाला, जू कधीचंच उतरलं. त्याले काय माहीत घरात कोण गेलं. मी वाटीत तूप घेतलं, हळद घातली, पळसाचं पान बुडवून खांदा शेकला. त्यानं मान खाली टाकली, तसाच, दरवर्षीसारखा. आणि माह्या तोंडातून निंगालं, "आज आवतन घे बाप्पा, उद्या जेवाले ये."

आणि मी तिथंच थांबलो, पान हातात.

आपण जनावराले एक दिवस आधी सांगतो. उद्या तुहा मान आहे, उद्या पोळी आहे, म्हणून तयार राह्य. न सांगता आपण बैलालेबी जेवाले बोलवत नाई. आणि पोरीवर एवढं मोठं येऊन राह्यलं, तिले आवतनबी द्याचं नाई? हे कोणत्या रीतीचं आहे? तू राह्यली असती तर मी हेच म्हटलं असतं. आणि तू म्हटलं असतं, "चहा घेता का?" हारली का तू चहाच इचारे.

मी आत गेलो. माळ्यावरून पाळणा काढला, पुसला. दोरी नवी लावली. मंग दुकानातून ती वेसण आणली, खिळ्यावरची, तुह्या सुटलेल्या हाताची. दर पोळ्याले मी तिले तेलाचा हात लावो, म्हणून सुत अजून मजबूत आहे. तिचाच फासा केला आणि पाळण्याच्या दोरीले बांधला.

वनी दारात येऊन उभी राह्यली. एक हात कमरेले, पोट पुढं. "बाबा, हा फासा कायले? माहे हात तर मोकळे हायेत."

खोटं बोलाले जागा होती. आईच्या वेळचा आहे, सवय आहे, काहीबी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बस इथं."

आणि सांगतलं. मले समजलं तेवढंच, समजलं तसं. साखरेची फांदी, टोकाचा दाणा, आता कसा जागेवर आहे आणि बाळंतपणानंतर कसा गळते. होईनच असं नाई, पण होऊ शकते. तुहं काय झालं होतं ते सांगतलं, दातानं धरलेली दोरी सांगतली. ते तिले माहीतच नवतं. तुही आन सांगतली.

ती एकदम म्हणे, "आईनं काऊन नाई सांगतलं मले?"

"तुह्या सुखाले हात लावाचा नवता तिले."

"आणि तुमी?"

"मी लावला."

उठून गेली. मले वाटलं रडाले गेली. तर भांड्याचा आवाज आला. तुह्यासारखीच आहे, रडाच्या जागी भांडे घासते. घासलेलेच भांडे परत घासले तिनं. मी पाळण्यापाशीच बसून राह्यलो. वाटलं, बुड्या, तुनं बायकोबी गमावली आणि पोरगीबी. घरभर फासे लोंबून राह्यले होते, सगळे मीच बांधलेले.

जरा वेळानं ती आली. ओले हात लुगड्याले, म्हंजे आपलं, साडीले पुसत. म्हणे, "पोळा झाला का दवाखान्यात जाऊ. तुमी चाला संग. त्या डॉक्टरणीले मले तुमच्या समोर इचाराचं हाय सगळं. तुमी अर्धं इसरता." मंग खाली बसली आणि पाळण्याच्या फाशात मनगट घातलं. ओढलं. रिकामा पाळणा हालला, कर्र करून. परत ओढलं.

मी पाहून राह्यलो होतो. तुह्या हातच्या सुतात तिचं मनगट.

"बाबा," म्हणे, "हात सुजल्यावर मावन का यात?"

मी गाठ सोडली आणि बोटभर ढिली बांधली.